रोटच्या पिठाचं विमान

श्रावणात घरी बसणाऱ्या कानबाई देवीच्या मखरासाठी शिरपूरहून थर्माकोलच्या सहा पाट्या आणल्या होत्या. शुक्रवारी सकाळी यशोदाबाईनं त्यांच्यावरची धूळ पुसायला फडकं घेतलं, तर देवघराच्या भिंतीशी चारच उभ्या.

तिला कोणाला विचारता येईना. श्रावणभर तिचं मौन असे. आंघोळ झाल्यापासून नदीकाठच्या महादेवाला पाणी घालून येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. व्रत सासूनं दिलेलं. सासू जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण व्रताची सासू काही गेली नव्हती. चुकून 'हं' निघाला तरी यशोदाबाईला पाठीमागे कोणीतरी खाकरल्यासारखं होई.

ती ओसरीत आली. तिचा नवरा लीलाधर उकिडवा बसला होता. बांबूच्या कामठीला त्यानं हीटरची तार ताणून बांधली होती आणि तारेची टोकं बॅटरीला जोडली होती. तापलेली तार पाटीतून अशी सरकत होती, जसा लोण्यातून दोरा. जळकट वास सुटला होता. पांढरे मणी उडून तिच्या ओल्या पावलांना चिकटले.

"मोजू नको," मान वर न करता तो म्हणाला. "दोन मी लिध्यात. मखरले चार पुरी जातीन."

तिनं बोट करून विचारलं, हे काय?

"इमान शे."

तिनं वर बघितलं, मग त्याच्याकडे. खाटेवर बसलेले मोतीलाल मास्तर हसले. हे धुळ्याचे. कॉलेजात एन.सी.सी.च्या पोरांना छोटी विमानं करायला शिकवत. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. त्यांच्या मांडीवर एक डबा होता, त्याला दोन दांड्या आणि लांब एरियल.

"खरं उडतं, वहिनी. मी खाली उभा राहणार, ते वर. ह्या डब्यानं वळवायचं. याच्या पोटात लीलाधरचा कॅमेरा बसवणार."

लीलाधरचं शिरपूरला बसस्टँडसमोर लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. एकच कॅमेरा, तळहातावर बसेल एवढा, आणि दिवाळीनंतरच्या बावीस लग्नांच्या सुपाऱ्या त्याच कॅमेऱ्यावर घेतलेल्या. तो कॅमेरा थर्माकोलच्या पोटात घालून आभाळात सोडायचा! यशोदाबाईनं फडकं घट्ट पिळलं, ते कोरडं होतं तरी.

महादेवाला पाणी घालून ती परत आली आणि पहिला शब्द बोलली तो हाच : "काबर?"

"बांधसाठे," लीलाधर म्हणाला.

मग तिनं पुढं विचारलं नाही. बांध म्हटल्यावर त्या घरात सगळं सांगून झालेलं असे.

तीन वर्षांपूर्वी नाल्याला पूर आला आणि लीलाधरच्या व त्याच्या थोरल्या भावाच्या, तोताराम आबांच्या, वावरांमधला बांध वाहून गेला. आबा तेव्हा ऑपरेशनसाठी धुळ्याच्या दवाखान्यात होते. लीलाधरनं निंबाच्या खोडाच्या रेघेनं नवा बांध घातला. दवाखान्यातून आल्यावर आबा पोट धरून बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, हा माझ्या वावरात सरकला आहे. लीलाधर म्हणाला, खोडाच्या रेघेनं घातला आहे, खोड काही चालत आलं नाही. शब्दाला शब्द लागला. शेवटी आबांनी माती उचलून सांगितलं, "ज्या दिनले मना वावरमा तुना पाय पडी, त्या दिनपाईन मी तुना भाऊ नही."

लीलाधरनं तो पाय खरंच टाकला नव्हता, यशोदाबाईनंही नाही. आणि आबांनी कानबाईला येणं सोडलं होतं.

यशोदाबाईचं दुखणं दुसऱ्या गोष्टीचं होतं. कानबाईचा नारळ सासूनं जाताना तिच्या ओटीत घातला होता, म्हणून भावकीची कानबाई ह्याच घरी बसे. रोटचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू भावकीतल्या एकेका पुरुषामागे सव्वा शेर. लीलाधर एक, आबा एक, आबांचे सुरतला कामाला असलेले दोन मुलगे. चार वाटे. तो रोट भावकीनंच खायचा. त्याचा कण बाहेरच्याच्या हाती जायचा नाही, उरेल तो कानबाईबरोबर नदीत. तीन वर्षं ती आबांचे आणि मुलांचे वाटे मोजत होती, भाजत होती आणि विसर्जनाच्या सोमवारी सकाळी पाण्यात सोडत होती. मासे खात. मासे काही भावकीतले नव्हते. पण न मोजावं, तर आबा भावकीत नाहीत असं तिनंच ठरवल्यासारखं झालं असतं.

"मोजणीवाला दोन वरीसपाईन येई ऱ्हायना," लीलाधर सांगत होता. "शिरपूरले मी पाण्यानी टाकीवर चढीसन एक वरात काढी व्हती. खाले एक वावर. त्यामा जुनी बुजेल विहीर. खालतीन काहीच दिखत नही, पन वरतीन कपाशीमा असा गोल दिखना! जुनी मोडेल जागा पीक लपाडत नही. वरतीन बांध दिखी. भाऊले दखाडसू. मंग काय बोली तो?"

"आनि दुसरंच काही दिखनं तं?"

"दुसरं काय दिखी?"

ती जात्याशी बसली. गावची चक्की लाईट नसल्यानं तीन दिवस बंदच होती, पण रोट तसाही ती जात्यावरच दळी. चार वाटे दळून पीठ पितळी पातेल्यात भरलं, वर लाल फडकं बांधलं.

दुपारी विमानाची मोडतोड सुरू झाली. पंखाच्या दोन तुकड्यांना सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावलं, तर थर्माकोल पाण्यातल्या मिठासारखा विरघळत गेला आणि पंखाला मुठीएवढं भोक पडलं. लीलाधर बोटं चिकटलेल्या अवस्थेत मास्तरांकडे बघत राहिला.

"तुम्ही बोलनात नही मास्तर!"

"मी लाकडाची करायचो रे. लाकूड कुठं विरघळतं?"

भोकात तुकडा बसवला. पंखाच्या आतून बांबूची कामठी घातली. सायकलचे स्पोक वाकवून शेपटीला दांड्या केल्या. संध्याकाळी इंजिन लावून बघितलं. लिंबाएवढं इंजिन, त्याला स्पिरिट आणि एरंडेल एकत्र करून पाजायचं. पंखा बोटानं फिरवायचा. तिसऱ्यांदा ते भुंग्यासारखं पेटलं आणि लीलाधरच्या तर्जनीचं कातडं घेऊन गेलं. घरभर एरंडेलाचा धूर झाला. यशोदाबाईनं बोटाला हळद दाबली. सगळ्या घराला जुलाब दिलाय की काय, असं तिच्या मनात आलं आणि हसू आवरेना. मग बोटाचं रक्त बघून हसल्याबद्दल तिनं कानबाईची माफी मागितली.

शनिवारी सकाळी चूक झाली.

रात्री पावसाची भुरभुर होऊन गेली होती. पंखावर खाकी कागद चिकटवल्याशिवाय तो वाऱ्यात मोडेल असं मास्तरांचं म्हणणं, आणि कागदाला खळ हवी. यशोदाबाई नुकतीच न्हाऊन आली होती. केस ओले, मौन सुरू. रोटचं पीठ चाळायला म्हणून तिनं पातेलं देवघरातून स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणलं होतं, फडकं सोडलं होतं, आणि चाळणी घ्यायला ती मागं वळली होती.

"पीठ शे ना," लीलाधर आत आला. "हाई लई जाऊ का? खळ करनी शे."

तिनं दोन्ही हात हलवले. नाही, नाही.

"सगळं नही लेत. थोडंसं."

तिनं पिठाकडे बोट केलं, मग देवघराकडे, मग हात जोडले. याहून स्पष्ट कसं सांगणार? लीलाधरचा चेहरा खुलला.

"हां हां, देवनं नाव लीसनच करसू," म्हणाला, आणि शेराचं माप शिगोशीग भरून घेऊन गेला.

ती दारापर्यंत धावली. ओठ उघडले. अकरा वर्षं आणि त्याआधीची सासूची कितीतरी. एक शब्द पुरे होता. पण पाठीमागे कोणीतरी खाकरलं. तिनं तांब्या उचलला आणि जवळजवळ पळतच महादेवाचा रस्ता धरला, पाणी घालून लवकर बोलता यावं म्हणून. चिखलात चप्पल रुतली, ती तिथंच टाकली. पिंडीवर पाणी एवढ्या घाईनं ओतलं की बेलाची पानं वाहून गेली.

परत आली तेव्हा पहिली खळ जळून फेकायला काढलेली, दुसरी पंखावर लागून झालेली.

"अहो, ते रोटनं पीठ शे!"

लीलाधरचा खळीनं माखलेला हात तसाच राहिला. "तू तं हात जोडात!"

"नही म्हनी ऱ्हायंतू मी!"

"हात जोडीसन कोन नही म्हनस?"

तिनं जळकी खळ चुलीजवळच्या राखेतून खरवडून द्रोणात घेतली, नदीत सोडण्यासाठी. मग पातेलं मापानं मोजलं. एका पुरुषाच्या वाट्याएवढं पीठ कमी. रोटचे गहू दुसऱ्यांदा मोजायचे नसतात. कमी ते कमी. पण कोणाचा वाटा कमी? लीलाधरनं घेतलं म्हणजे लीलाधरचा? विमान आबांसाठी म्हणजे आबांचा? सुरतेच्या पोरांनी काय केलं होतं? तिनं पीठ चार ढिगांत वाटलं, मग तीन, मग पुन्हा एकात केलं. काही कळेना.

एक कळलं ते तिनं मास्तरांना जाऊन सांगितलं. "भाऊ, रागावू नका. पण आता त्याला हात लावू नका. त्यात रोट आहे. भावकीशिवाय चालत नाही."

मास्तर डबा मांडीवर घेऊन विचारात पडले. "मग उडवायचं कसं?" आणि स्वतःच म्हणाले, "वहिनी, उडवताना मी हात लावतच नाही. डब्याला लावतो. डब्यात काही रोट नाही ना?"

"डब्यात नाही."

"मग झालं. हात न लावताच उडवतो."

तिला ते पटलं की नाही, तेही तिला ठरवता आलं नाही. दिवसभर लीलाधर पंखावरून कोळशाची इस्त्री फिरवत होता. कागद वरून कोरडा झाला, आतून गार लागत होता.

रविवारी कानबाई बसायची. सकाळी आभाळ उघडलं. यशोदाबाई तांब्या-बेल घेऊन महादेवाला निघाली, तर रस्ता वावरावरूनच जात होता. पलीकडे आबांच्या कपाशीत निंदणी चालू होती. आबांची बायको झुंबरबाई दोन मजूर बायांबरोबर वाकलेली, आणि आबा काठीवर हनुवटी टेकून उभे. ह्या बाजूला लीलाधर खांद्यावर विमान घेऊन. त्याच्या पोटात जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळलेला कॅमेरा, काच खाली.

"हाई काय शे वं?" पलीकडून एक मजूर बाई ओरडली. "गिधाड पाळं का?"

"गिधाड नही, इमान शे वं," दुसरी म्हणाली. "त्यामा बसीसन सुरत जासूत!"

आबा हसले नाहीत. लीलाधर धावला, आणि विमान त्याच्या हातातून सुटलं. एकदा ते खाली आलं, कपाशीच्या शेंड्यांना घासलं, आणि उठलं. यशोदाबाईच्या हातातला तांब्या डचमळला. बांधावरचे बगळे उडाले. मास्तर तोंड उघडं टाकून वर बघत होते, अंगठे तेवढे हलत होते. खाकी पंखांवर ऊन पडलं होतं. रोट आभाळात गेला, असं तिच्या मनात आलं. हे पाप की काय, की देवाच्या जास्त जवळ? एक फेरा झाला. दुसरा. निंदणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून वर बघत राहिल्या.

तिसऱ्या फेऱ्याला उजव्या पंखाचा कागद सुटला. ओल्या खळीनं एवढंच धरलं होतं. कागद फडफडला, पंख कलला, आणि विमान कुत्र्यानं शेपटीमागं फिरावं तसं गरगरत आबांच्या कपाशीत कोसळलं.

इंजिन बंद पडल्यावर फार शांत झालं.

लीलाधर बांधापर्यंत पळत गेला आणि तिथं थांबला. एक पाय उचललेला, तो त्यानं मागं घेतला. सगळा कॅमेरा, सगळी लग्नं पलीकडे वीस पावलांवर पडली होती.

"ये ना," आबा काठी उगारून म्हणाले. "टाक पाय. मना पाच झाडं मोडात. टाक!"

"मी आणतो," मास्तर म्हणाले आणि बांध ओलांडायला धोतर आवरलं.

"हात लावू नका!"

आवाज कोणाचा, हे यशोदाबाईलाच आधी समजलं नाही. पाणी अजून तांब्यात होतं. अकरा वर्षं मोडली होती, आणि तीही जेठासमोर. सून म्हणून आल्यापासून ती आबांशी तोंडातोंडी कधी बोलली नव्हती. तिनं पदर पुढं ओढला, पण सुटलेला शब्द परत येत नव्हता. मग बाकीचेही आले.

"त्यामा रोटनं पीठ शे, आबा. चुकीसन लागनं. भाऊबंदशिवाय कोनी हात लावाना नही. मास्तर भावकीना नहीत. आनि ह्या... ह्यासले तुम्ही येऊ देतस नही."

झुंबरबाईचा विळा हातात तसाच. आबांनी मास्तरांकडे बघितलं, लीलाधरच्या पायाकडे बघितलं, विमानाकडे बघितलं. उचलायला त्यांच्या घराशिवाय कोणी उरलं नव्हतं.

"रोट? त्या भंगारमा?"

"खळ करी, आबा."

"रोटनी खळ!" आबांनी काठी खाली टाकली. "तुमनी अक्कल कथी गई, रे?"

तरी गेले. सरीतून, झाडं चुकवत. पोटाला हात लावत खाली बसले, मोडका पंख उचलला, धड उचललं, लोंबणारा कागदसुद्धा नीट गोळा केला. सगळं छातीशी धरून बांधापर्यंत आणलं आणि बांधावर ठेवलं. लीलाधरच्या हातात दिलं नाही. बांधावर ठेवलं.

लीलाधरनं गोधडी सोडली. कॅमेऱ्याच्या बाजूला चीर गेली होती, पण टेप मागं फिरली. तो बांधावरच बसला आणि डोळा लावला. कॅमेऱ्यात बघायला एकच बारीक भोक, एका वेळी एकच माणूस. यशोदाबाईला त्याचा दुसरा, मिटलेला डोळा दिसत होता. आधी तो घट्ट मिटला होता. मग पापणी थरथरली. लीलाधरनं टेप मागं नेली, पुन्हा बघितलं. पुन्हा मागं नेली.

"दिखना का तुना बांध?" आबा म्हणाले.

"दख तू."

आबांनी कॅमेरा घमेल्यासारखा दोन्ही हातांनी धरला. "काळंपांढरं दिखी ऱ्हायनं... आभाळ का जमीन, काय शे? हाई फिरस काबर?" त्यांनी डोळा काढला, चोळला. "माले काहीच समजनं नही. काय दिखस?"

टेपवर काय होतं, ते आता एकट्या लीलाधरलाच माहीत होतं. आबांना समजलं नव्हतं. मास्तरांनी बघितलं नव्हतं. लीलाधरनं मान वर केली तर समोर यशोदाबाई, तांब्या छातीशी धरून. बोलायचं ते मघाशीच बोलून झालं होतं.

"कपाशीमा काळी पट्टी दिखस," लीलाधर म्हणाला. "सरळ. जुना बांधनी. तठे कधी नांगर लागेल नव्हता, म्हनीसन पीक दाट शे." त्यानं बांधावरून आपल्या कपाशीकडे हात केला. "मनी बाजूले शे, भाऊ. चार सऱ्या आत."

"तुनी बाजूले?"

"हा. तूच खरा. मी खोडनी रेघ धरी. पन खोड पहिलेच तुना वावरमा व्हतं वाटस. माले खरंच माहीत नव्हतं."

आबा उभे राहिले, पुन्हा बसले. त्यांच्या तोंडावर आनंद यायला हवा होता; यशोदाबाई वाट बघत होती. तो आला नाही.

"तीन वरीस मी बठ्ठा गावले सांगं, मना शे, मना शे," ते हळू म्हणाले. "आते तूच सांगस, तं माले काय करानं ते सुचत नही."

"कपाशी येचाई गई का बांध सरकाडसू."

"कपाशी तूच येच. तू पेरेल शे."

एवढंच. आबांचं बोट मोडक्या पंखाच्या कागदाच्या कडेवर फिरत होतं. तिथं खळीचा एक वाळलेला पापुद्रा सुटून वर आला होता. त्यांनी नखानं तो उचलला, उन्हात धरला, आणि तोंडात टाकला.

"धनी, एरंडेल लागेल शे ना त्याले, वास येस!" झुंबरबाई ओरडली.

"शे," आबा चावत म्हणाले.

यशोदाबाई महादेवाला गेली. मौन मोडलं होतं. पाणी चालेल की नाही, कोणाला विचारणार? तिनं घातलं. आज हळूहळू घातलं, बेल जागेवर राहिला. पाठीमागे कोणी खाकरलं नाही. हे बरं की वाईट, तेही तिनं पिंडीवरच सोडलं.

चार पाट्यांचं मखर लहानच झालं. दिवेलागणीला कानबाईचा नारळ नटून बसला. यशोदाबाईनं रोट भाजले आणि सवयीनं चार पानं मांडली. दोन सुरतेच्या पोरांची, ती देवापुढं सरकवली. उरलेल्या दोन पानांवर रोट पुरेना. ती एका पानावरून दुसऱ्या पानावर तुकडा हलवत बसली. इकडून काढला की इकडं कमी, तिकडून काढला की तिकडं.

अंगणात खाकरण्याचा आवाज आला. ती दचकली. दारात आबा होते, पाय धुतलेले, डोक्याला टोपी, मागं झुंबरबाई. तीन वर्षांनी. लीलाधर उठून उभा राहिला आणि काय करावं न सुचून पाट पुसू लागला.

आबा पानावर बसले. तिच्या हातातला तुकडा अजून मध्येच होता.

"तो लीलाधरले वाढ, बाई," ते म्हणाले. "मना वाटा मी सकायलेच बांधवर खाई लिधा."